गर्दीला बोलू देणारा माणूस

विन स्कली ऐका! भेटेल त्याला सध्या मी एवढंच सांगत सुटले आहे. शेजारणीला सांगितलं, बँकेतल्या रांगेत सांगितलं, भाच्याला तर फोन करकरून सांगितलं. निमित्त झालं एका जुन्या ध्वनिमुद्रणाचं: ९ सप्टेंबर १९६५ची रात्र, लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम, आणि रेडिओवरचं काही मिनिटांचं धावतं समालोचन. बस्स, एवढंच. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ते शहर मी पाहिलेलं नाही, त्या दोन संघांशी माझं काही देणंघेणं नाही. तरीही शेवटचा चेंडू पडायची वेळ आली तेव्हा हातातलं काम टाकून मी श्वास रोखून उभी होते. निकाल आधीच ठाऊक असलेल्या, साठ वर्षांपूर्वी संपलेल्या सामन्यासाठी!

त्या रात्री पणाला काय लागलं होतं ते आधी सांगते. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या नऊ इनिंग असतात आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. म्हणजे समोरच्या संघाचे एकूण २७ बळी. आता कल्पना करा, २७ बॅटर ओळीनं आले आणि ओळीनं परत गेले, एकही जण पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचला नाही! तसं झालं तर चेंडू टाकणाऱ्या त्या पिचरच्या नावावर ‘परफेक्ट गेम’ लागतो. अमेरिकेतल्या मोठ्या साखळीच्या सबंध इतिहासात असे सामने जेमतेम दोन डझनांच्या आसपास झाले आहेत. डॉजर्सचा डावखुरा पिचर सँडी कूफॅक्स त्या रात्री शिकागो कब्सविरुद्ध तिथवर येऊन पोचला होता. वर सामना १-० असा अटीतटीचा, कारण कब्सच्या बॉब हेंडलीनंही पूर्ण सामन्यात अवघी एक हिट दिली होती. नववी इनिंग, तीन बळी बाकी, आणि माइकसमोर ३७ वर्षांचा विन स्कली.

तो काय करतो ते नीट बघा. स्टेडियममध्ये २९ हजार माणसं जागेवर तटतटून बसली आहेत, कोणीही आवाज चढवून बोललं असतं. स्कली आवाज चढवत नाही, तो बारकाईनं बघू लागतो. कूफॅक्स मागे सरतो, डावी तर्जनी कपाळावरून फिरवतो, घाम डाव्या पायाच्या पँटला पुसतो, आणि तेवढा वेळ समोर बॅटर हार्वी क्यून नुसता वाट बघत थांबलेला असतो. हे सगळं स्कली आपल्याला सांगतो. डॉजर्सच्या बाकावरचा अल फेरारा उठून आत जायच्या वाटेकडे चालत जातो, कारण आता सहकाऱ्यालाही तिथं बसून बघणं सोसवत नाही. डाव्या बाजूच्या तारेच्या जाळीतून राखीव पिचर माना उंचावून बघत असतात. एका चेंडूला कूफॅक्स इतका जोर लावतो की त्याची टोपी उडून पडते. नेहमीपेक्षा लांब ढांग पडली, जरा जास्तीचं काढायला गेला, पण या घडीला त्याला कोण दोष देणार, असं स्कली समजुतीनं म्हणतो. पंच चेंडू बाहेरचा ठरवतात, लोक हुर्यो करतात. तेव्हा तो म्हणतो की मैदानातली बरीच माणसं आता चेंडू काळजानं बघायला लागली आहेत. माइकसमोर, आयत्या वेळी, ऐन धामधुमीत सुचलेलं हे वाक्य! हातात लेखणी आणि समोर निवांत दुपार असतानाही मला असं एक वाक्य साधलं तर मी आठवडाभर खुशीत राहीन.

आणि मधूनमधून तो घड्याळ सांगतो. नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटं. मग नऊ चव्वेचाळीस. शेवटी नऊ शेहेचाळीस. पहिल्यांदा ऐकताना कळत नाही की हा वेळ का सांगतोय, पण दर खेपेला छातीतली धडधड वाढते. कारण पुढे त्यानंच सांगितलं आहे: हे ध्वनिमुद्रण कूफॅक्सला आठवण म्हणून मिळावं आणि पुढे कितीही वर्षांनी ऐकलं तरी ती नेमकी रात्र, ती नेमकी मिनिटं परत उभी राहावीत, म्हणून तारीख आणि वेळ. ऐन कसोटीच्या क्षणी हा माणूस समोरच्या पिचरच्या म्हातारपणाचा विचार करत होता!

मग शेवटचा चेंडू. क्यून बॅट फिरवतो, चुकतो, परफेक्ट गेम! एवढं सांगून स्कली थांबतो. तब्बल ३८ सेकंद तो एक अवाक्षर काढत नाही. रेडिओवर ३८ सेकंद! फक्त गर्दी. आरोळ्या, टाळ्या, शिट्या, लाटांवर लाटा. नंतर तो परत येतो, अगदी सावकाश, वेळ सांगतो, प्रेक्षकांचा आकडा सांगतो, आणि कूफॅक्सनं चार वर्षांत ओळीनं चार वेळा प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता सामना काढला, त्यातला चौथा हा, हे सांगतो. ते ३८ सेकंद मी परत परत ऐकले. गप्प राहायचं बळ त्याला कुठून आलं, हा प्रश्न मला चैन पडू देईना, आणि त्याचा माग काढता काढता त्याची सबंध कारकीर्द माझ्यासमोर उलगडत गेली. १९५० ते २०१६, एकाच संघासाठी ६७ हंगाम. नेहरू पंतप्रधान असताना माइकसमोर बसलेला माणूस मोदी पंतप्रधान असताना उठला!

उत्तर सापडलं ते त्याच्या लहानपणात. जन्म २९ नोव्हेंबर १९२७चा, न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधला, आयरिश घरातला. वडील रेशमी कापडाचे विक्रेते. विन अगदी लहान असताना न्यूमोनियानं गेले. आईनं पुढे मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्स भागात त्याला वाढवलं. घरात चार पायांवर उभा राहणारा मोठा रेडिओ होता. हा पोरगा उशी घेऊन त्या रेडिओच्या खाली सरपटत शिरायचा, जवळ दुधाचा पेला आणि खारट बिस्किटं ठेवायचा आणि कॉलेजांचे फुटबॉल सामने ऐकायचा. ज्या गावांची नावंही त्यानं ऐकली नव्हती तिथले सामने! गुण कोणी मिळवले याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. डोक्यावरच्या भोंग्यातून गर्दीची गर्जना अंगावर कोसळायची, आणि त्या आवाजावर तो लुब्ध होता. आठ वर्षांचा असताना शाळेत नन्सनी निबंध लिहायला सांगितला तेव्हा त्यानं लिहून टाकलं की मोठेपणी मी खेळांचा समालोचक होणार. १९३५-३६च्या सुमाराला, जेव्हा हा उद्योगच नवा होता तेव्हा!

आता कळलं ना? ज्या आवाजासाठी तो लहानपणी रेडिओखाली शिरला, तोच आवाज तो जन्मभर ऐकणाऱ्यापर्यंत पोचवत राहिला. क्षण मोठा आला की मधून बाजूला व्हायचं आणि गर्दीला बोलू द्यायचं. हे त्यानं कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. त्याला स्वतःला जे सगळ्यात जास्त आवडायचं ते तो दुसऱ्यांना देत होता.

पण नुसत्या आवडीनं कोणी ६७ वर्षं टिकत नाही. शिक्षण कसं झालं तेही ऐका. फोर्डम विद्यापीठात असताना तो कॉलेजच्या संघात मैदानाच्या मध्यावर क्षेत्ररक्षण करायचा, कॉलेजच्या वर्तमानपत्रात खेळावर लिहायचा, कॉलेजच्या रेडिओवर समालोचन करायचा. पदवी मिळाली तशी त्यानं पूर्व किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रांना पत्रांचा सपाटा लावला. वॉशिंग्टनच्या एका केंद्रानं १९४९च्या उन्हाळ्यापुरतं बदली काम दिलं. ते संपलं आणि तो रेड बार्बरच्या नजरेत आला. रेड बार्बर म्हणजे ब्रूकलिन डॉजर्सचा आवाज आणि सीबीएस रेडिओच्या क्रीडा विभागाचा प्रमुख. ऐनवेळी एका फुटबॉल सामन्यासाठी माणूस हवा होता म्हणून बार्बरनं स्कलीच्या घरी फोन केला. तो घरी नव्हता. आईनं निरोप घेतला आणि मुलाला मोठ्या कौतुकानं सांगितलं, अरे, रेड स्केल्टनचा फोन आला होता! रेड स्केल्टन हा त्या काळचा गाजलेला विनोदी नट.

त्या फोननं नशीब उघडलं. नोव्हेंबर १९४९, बॉस्टनचं फेनवे पार्क. काचेच्या उबदार खोलीत बसायला मिळणार या समजुतीनं स्कली ओव्हरकोट, टोपी आणि हातमोजे हॉटेलवर ठेवून गेला. जाऊन बघतो तर खोलीबिली काही नाही! थेट स्टेडियमच्या छपरावर उभं राहायचं, हातात माइक, पायाशी लांबलचक तार. बॉस्टनची ती थंडी, आणि खेळ जिकडे सरकेल तिकडे हा छपरावरून तार ओढत धावतोय. पण पूर्ण सामन्यात थंडीचा किंवा छपराचा एक चकार शब्द त्यानं ऐकणाऱ्यापर्यंत जाऊ दिला नाही. बार्बरनं ते काम ऐकलं आणि त्याला पोराचं समालोचन आवडलं. पण तो कुठं उभा राहून बोलत होता हे बार्बरला कळलं ते काही दिवसांनी, बॉस्टनहून दिलगिरी व्यक्त झाली तेव्हा. पुढचा मोठा सामना लगेच स्कलीला मिळाला. आणि १९५०मध्ये अर्नी हार्वेल डॉजर्स सोडून जायंट्स संघाकडे गेला तेव्हा ती रिकामी खुर्ची या २२ वर्षांच्या लालकेशी पोराकडे आली.

बार्बरची शिकवण कडक होती. मैदानावर लवकर पोचायचं, तयारी करून यायचं, खेळाडूंच्या गळ्यात गळे घालायचे नाहीत, कोणाची बाजू घ्यायची नाही, पत्रकारांच्या खोलीत बियरलासुद्धा हात लावायचा नाही. स्वतः बार्बर समोर अंडी उकडताना लावतात तसलं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा. वाळू खाली आली की ते उलटायचं आणि गुण सांगायचे, कारण रेडिओ नुकताच लावलेल्या माणसाला पहिलं तेच हवं असतं! किती साधी गोष्ट, आणि ऐकणाऱ्याबद्दल किती आदर. आणखी एक गोष्ट बार्बरनं सांगितली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते: दुसऱ्या समालोचकांना ऐकू नकोस. या खोलीत तू जी एक गोष्ट आणू शकतोस ती दुसऱ्या कोणाकडेच नाही, ती म्हणजे तू स्वतः.

स्कलीनं ते शब्दशः पाळलं. १९५३मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी, त्यानं वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे अंतिम फेरीचं, समालोचन केलं. इतक्या लहान वयात ते कोणीच केलं नव्हतं. आणि १९५५! ब्रूकलिन डॉजर्स तोवर सात वेळा अंतिम फेरीत जाऊन हरले होते, त्यातले पाच पराभव शेजारच्याच यँकीजकडून. ब्रूकलिनच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही हार गिळली होती. ४ ऑक्टोबर १९५५ला यँकी स्टेडियमवर सातव्या सामन्यात तरुण जॉनी पॉड्रेसनं २-० असा विजय खेचून आणला. स्कलीनं सांगितलं, ब्रूकलिन डॉजर्स जगज्जेते झाले. एवढंच, एक वाक्य! लोक पुढे त्याला विचारत राहिले, अशा वेळी इतका शांत कसा राहिलास? त्याचं उत्तर असं की आणखी एक शब्द जरी बोललो असतो तरी रडू कोसळलं असतं. मी ते वाचलं आणि मलाच भरून आलं.

मग १९५८मध्ये डॉजर्सनी ब्रूकलिन सोडलं आणि संघ पार दुसऱ्या किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसला गेला. माझ्या मते स्कलीची खरी जादू इथून सुरू होते. नव्या गावात बेसबॉलचं स्वतःचं मैदान नव्हतं, म्हणून संघ कोलिसियम या अवाढव्य ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळू लागला. ९० हजारांवर माणसं बसायची आणि लांबच्या रांगांतून खेळाडू मुंगीएवढे दिसायचे. कोण खेळतोय, कोण बाद झाला, काही पत्ता नाही! नेमके त्याच सुमाराला खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले होते. लोक ते मैदानात घेऊन यायला लागले. डोळ्यांसमोर सामना आणि कानाशी स्कली! हजारो ट्रान्झिस्टर एकाच वेळी लावलेले असल्यानं त्याचा आवाज सबंध स्टेडियमभर घुमायचा. मालक वॉल्टर ओमॅली घरच्या मैदानावरचे सामने टीव्हीवर दाखवू देत नसे, त्यामुळे गाडीत, अंगणात, दुकानात, सगळीकडे रेडिओच. अख्ख्या शहराला बेसबॉल शिकवला तो या एका आवाजानं.

एका सामन्यात खेळ रेंगाळला होता. स्कलीनं जवळची माहितीपुस्तिका चाळली आणि त्याला दिसलं की पंच फ्रँक सेकरीचा आज वाढदिवस आहे. त्यानं रेडिओवर सांगितलं, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी मिळून शुभेच्छा द्यायच्या. एक, दोन, तीन, आणि हजारो कंठांतून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एकच कल्लोळ! मैदानात उभा असलेला तो पंच चकित. पंचाला लोक एरवी काय ओरडतात ते आपल्याला ठाऊक आहे. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनानं क्रिकेट आपल्याकडे स्वयंपाकघरापर्यंत पोचवलं होतं, त्या पिढीला हे नातं लगेच कळेल. आवाज घरातल्या माणसाचा झाला की त्याच्या एका शब्दावर लोक हसतात, उठतात, ओरडतात.

आणि हा आवाज एकटाच असायचा! आजच्या समालोचनात दोघं-तिघं एकमेकांशी गप्पा मारत असतात. स्कली डॉजर्सचा सामना सांगताना सोबत कोणाला घ्यायचा नाही. म्हणायचा, तुम्हाला गाडी विकायची असेल तर मी तुमच्याशी बोलेन की तुमच्यासमोर तिसऱ्याच माणसाशी बोलेन? म्हणून त्याचं सगळं बोलणं एका माणसाला उद्देशून असतं: खुर्ची ओढा, बसा, कुठूनही ऐकत असाल तरी तुमचं स्वागत आहे. मी हजारो मैलांवर, कितीतरी वर्षांनी ऐकत होते, तरी मला वाटलं की तो माझ्याशीच बोलतोय.

त्याच्या गोष्टींबद्दल तर किती सांगू! २०१५मध्ये, ८७व्या वर्षी, जायंट्सच्या मॅडिसन बमगार्नरची एक गोष्ट त्यानं ऐन खेळात सांगितली. बमगार्नर आणि त्याची बायको रानात असताना मोठा साप समोर आला. त्यानं कुऱ्हाडीनं सापाचे तुकडे केले. बायकोनं पाहिलं तर सापाच्या पोटात सशाची दोन पिल्लं. चेंडू पडला, बाहेरचा. थोड्या वेळानं त्यातलं एक पिल्लू हललं! पुढचा चेंडू, स्ट्राइक. तिनं ते घरी नेलं, ऊब दिली, बाटलीनं दूध पाजलं. पुन्हा चेंडू. आणि ते पिल्लू टुणटुणीत होऊन रानात पळून गेलं. मग स्कली म्हणतो, बमगार्नर चिवट आहे हे खरं, पण त्या सशाचा चिवटपणा बघा: सापानं गिळलं, सापावर कुऱ्हाड पडली, तरी तो जगला! गोष्टीचा धागा तुटत नाही आणि एकही चेंडू सांगायचा राहत नाही. जात्यावर बसलेली बाई ओवी न तोडता मधेच मूठभर दाणे घालते, अगदी तसं.

पण ८ एप्रिल १९७४ची रात्र ऐकलीत तर मी म्हणते ते पूर्ण पटेल. अटलांटाचं मैदान. हँक आरननं बेब रूथच्या ७१४ होमरनशी बरोबरी केली होती. एका कृष्णवर्णीयानं गोऱ्यांच्या लाडक्या रूथचा विक्रम मोडू नये म्हणून त्याला धमक्यांची, शिव्यांची पत्रं येत होती. पिचर होता डॉजर्सचा अल डाउनिंग, म्हणून माइकवर स्कली. आरननं ७१५वा होमरन मारला आणि स्कलीनं चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगून तोंड मिटलं. कानावरचं यंत्र काढून तो खोलीच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि गर्दीला, आतषबाजीला बराच वेळ बोलू दिलं. परतल्यावर तो जे म्हणाला त्यानं अंगावर काटा येतो. अटलांटासाठी, देशासाठी, जगासाठी हा केवढा क्षण आहे! दक्षिणेत, खोल दक्षिणेत, एका कृष्णवर्णीय माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवत आहेत. खेळाच्या समालोचनात त्यानं त्या देशाचा इतिहास नेमक्या जागी बोट ठेवून सांगितला. समोर जे घडतंय त्याचा अर्थ त्याच मिनिटाला, आवाज न चढवता सांगायचा. याहून मोठी पत्रकारिता कोणती?

१९८३ ते १९८९ तो एनबीसी टीव्हीवर सगळ्या देशासाठीही बोलला. १९८६च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मेट्सविरुद्ध खेळणाऱ्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू निसटला आणि मेट्स हरता हरता जिंकले, तेव्हा त्यानं तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती दृश्यं बोलू दिली. आणि १५ ऑक्टोबर १९८८! वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, डॉजर्सचा कर्क गिब्सन दोन्ही पायांनी जायबंदी. कॅमेरा बाकावरून फिरला, गिब्सन तिथं नव्हता, आणि आज तो खेळणार नाही असं स्कलीनं सांगितलं. ते शब्द आत उपचारांच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेल्या गिब्सननं ऐकले आणि तो उठला! लंगडत मैदानात आला. नववी इनिंग, दोन बाद, डॉजर्स एका धावेनं मागे, समोर डेनिस एकर्स्ली. आणि होमरन! सामना खिशात. स्कली मिनिटाहून जास्त वेळ गप्प. मग म्हणाला, अशक्यप्राय गोष्टींच्या या वर्षात अखेर अशक्यच घडलं. समालोचनातलं एक वाक्य खेळाडूला उठवतं आणि त्याच खेळाडूचा पराक्रम समालोचकाला गप्प करतो!

हे सगळं करताना त्यानं डॉजर्सबद्दल ‘आपण जिंकलो’ असं म्हटलं नाही. प्रतिस्पर्ध्याचा चांगला खेळ त्यानं तेवढ्याच जिव्हाळ्यानं सांगितला. आणि त्या प्रसन्न आवाजामागे काय होतं ते कळलं की माणूस अवाक होतो. १९७२मध्ये पहिली पत्नी गेली. १९९४मध्ये थोरला मुलगा हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. दोन्ही वेळा तो परत आला आणि ऐकणाऱ्याला त्याच अगत्यानं बसायला सांगितलं.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९८२मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा फोर्ड फ्रिक पुरस्कार. २०१६मध्ये डॉजर स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव. त्याच वर्षी व्हाइट हाउसमध्ये बराक ओबामांच्या हातून प्रेसिडेन्शिअल मेडल ऑफ फ्रीडम. पण माझा जीव अडकला आहे एका तारखेत. २ ऑक्टोबर १९३६. आठ वर्षांचा विन शाळेतून घरी येत होता. वाटेत एका चिनी लाँड्रीच्या खिडकीत वर्ल्ड सिरीजचा गुणफलक लावलेला. यँकीज १८, जायंट्स ४. हरणाऱ्यांची त्याला दया आली आणि त्या मिनिटाला तो जायंट्सचा चाहता आणि बेसबॉलचा झाला. त्याचा शेवटचा सामना कधी होता? २ ऑक्टोबर २०१६. कोणाविरुद्ध? जायंट्सविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, सॅन फ्रान्सिस्कोत. दिवसाला दिवस धरून ८० वर्षं! कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच काय. २ ऑगस्ट २०२२ला, ९४व्या वर्षी तो गेला.

त्याच्या वाटेनं फिरता फिरता मला आणखी एक नाव सापडलं आहे आणि माझी झोप पुन्हा उडाली आहे. हायमे हारीन! इक्वेडोरहून १९५५मध्ये लॉस एंजेलिसला आलेला तरुण, ज्यानं तोवर बेसबॉल पाहिलाच नव्हता. १९५९पासून त्यानं डॉजर्सचे सामने स्पॅनिशमध्ये सांगितले, थेट २०२२पर्यंत. सुरुवातीच्या वर्षांत संघ परगावी गेला की तो लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून स्कलीचं इंग्रजी समालोचन कानानं ऐकायचा आणि त्यावरून तोंडानं स्पॅनिशमध्ये सामना उभा करायचा. १९८१मध्ये मेक्सिकोच्या फर्नांडो व्हॅलेन्झुएला या पोरसवदा पिचरनं शहर वेडं केलं, तेव्हा पत्रकारांसमोर त्याचा दुभाषा झाला तोही हारीनच. हा खेळ न पाहिलेला माणूस स्कलीला ऐकत ऐकत एवढा मोठा झाला, की १९९८मध्ये तोच फ्रिक पुरस्कार त्यालाही मिळाला! आता त्याची जुनी ध्वनिमुद्रणं शोधायला घेतली आहेत. स्पॅनिश मला येत नाही, पण बेसबॉल तरी कुठे येत होता? गर्दीच्या आरोळीला भाषा लागत नाही, बाकीचं शिकून घेईन, आणि थोडं जरी हाती लागलं तरी तुम्हाला सांगायला धावत येईन.